मंदी : चोपडीतली आणि मनातली

माजिवड्याच्या नाक्यावर तीन मोठे रस्ते भेटतात. एक मुंबईहून येणारा पूर्व द्रुतगती महामार्ग, दुसरा घोडबंदरकडे वळणारा, आणि तिसरा नाशिकमार्गे थेट आग्र्यापर्यंत जाणारा जुना व्यापारी रस्ता. उड्डाणपुलांच्या गुंत्यात हे आता सहज ध्यानात येत नाही. पोखरण रस्त्यापासून कोलशेत-बाळकुमपर्यंतच्या या पट्ट्यात एके काळी कारखान्यांच्या भोंग्यावर घरोघरची घड्याळे लावली जात. 1925 साली सुरू झालेली लोकरी कापडाची गिरणी पुढे रेमंड या नावाने देशभर पोहोचली. तिच्या जोडीला रसायनांचे, औषधांचे, यंत्रांचे कारखाने होते. त्यांतले बहुतेक गेले. त्यांच्या जागी निवासी मनोरे आले, मॉल आले आणि मॉलमध्ये चित्रपटगृहे आली. जेथे माणसे घाम गाळत होती, तेथेच आता थंड अंधारात बसून दुसऱ्यांची दुःखे पडद्यावर पाहिली जातात.

या मनोऱ्यांत व्यापारी कुटुंबेही पुष्कळ आहेत. कोणाचे दुकान ठाण्याच्या बाजारपेठेत, कोणाचे गोदाम भिवंडीत, कोणाची पेढी अजून मुंबईत. बाजार चढला की घरात बोलणे वाढते. बाजार उतरला की घर गप्प होते. जेवणाच्या ताटावर कर्ता पुरुष मोबाईलकडे पाहत बसतो, रात्री दोन वाजता उठून गॅलरीत उभा राहतो, आणि विचारले तर ‘काही नाही, जरा टेन्शन आहे’ एवढेच उत्तर मिळते. या ‘जरा’ शब्दामागे थकलेली वसुली असू शकते, परत आलेला धनादेश असू शकतो, किंवा यांपैकी काहीही नसून केवळ मन बुडालेले असू शकते.

इंग्रजीत या दोन्ही अवस्थांना ‘डिप्रेशन’ हा एकच शब्द आहे. हवामानखातेही समुद्रावरील कमी दाबाच्या पट्ट्याला तोच शब्द वापरते. मराठीने मात्र वाटण्या केल्या : बाजाराला मंदी दिली, मनाला नैराश्य दिले. भाषेच्या दृष्टीने ही श्रीमंतीच आहे. पण तिच्यामुळे एक तोटाही झाला. मंदीबद्दल चारचौघांत बोलता येते, नैराश्याबद्दल नाही. ‘यंदा धंद्यात मंदी आहे’ हे वाक्य कोणीही ओट्यावर बसून उच्चारतो; ‘यंदा मनात मंदी आहे’ असे म्हणण्याची सोय नाही. जैन शास्त्रकारांनी ही सोय फार पूर्वी केली होती. मोहनीय कर्माच्या विवेचनात नऊ नोकषाय येतात आणि त्यांत अरति आणि शोक हे दोन स्वतंत्र मोजले आहेत. प्रिय वस्तू गेल्याचे दुःख वेगळे आणि कशातच मन न रमणे वेगळे, हा भेद त्यांना ठाऊक होता. आजचे मानसोपचारतज्ज्ञही रुग्णाला प्रथम हेच विचारतात : दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास आहे का, आणि पूर्वी ज्यात आनंद वाटे त्यातला रस गेला आहे का?

मराठी लेखकांनी आर्थिक पडझडीतून माणूस कसा उतरत जातो हे दाखवले ते मुख्यतः गिरणीच्या आणि शेतीच्या निमित्ताने. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मिटलाच नाही. तो विरत गेला. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात त्या संपानंतरचे एक घर आहे. गिरणी कामगाराची विधवा, तीन मुलगे, एक मुलगी आणि एकच खोली. थोरल्याला लेखक व्हायचे आहे, धाकटा टोळीच्या वाटेला लागतो. कोणीही ‘मी खचलो आहे’ असे म्हणत नाही. सगळे एकमेकांवर खेकसतात, कारण खोलीत रडायला जागा नाही. नैराश्य नेहमी कोपऱ्यात मान घालून बसत नाही, ते कित्येकदा संतापाचे रूप घेते, ही गोष्ट या नाटकाने फार नेमकी पकडली. महेश मांजरेकर यांनी 2010 मध्ये याच नाटकावरून ‘लालबाग परळ’ हा चित्रपट केला. त्यात गोळीबार आणि धावपळ वाढली. घराची कोंडी मात्र नाटकातच अधिक जाणवते.

संतापाचेच दुसरे रूप ठाणेकरांच्या ओळखीचे आहे. निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ 2005 साली आला आणि त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. बँकेतील कारकून माधव आपटे रोज डोंबिवलीहून गाडी पकडतो, नियम पाळतो आणि एके दिवशी त्याचा तोल जातो. संदीप कुलकर्णी यांनी तो आपटे असा उभा केला की प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांबद्दल थोडा विचार करायला हवा. प्रेक्षकांना आपटे वीर वाटला. प्रत्यक्षात तो कित्येक महिने आजारी माणूस होता, आणि त्याच्या बायकोला सोडून ते कोणालाही दिसले नव्हते. बॅट घेऊन रस्त्यावर उतरण्यापूर्वी त्याला कोणी एखाद्या डॉक्टरकडे नेले असते तर चित्रपट झाला नसता, हे खरे. पण घर वाचले असते.

सतीश मन्वर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ (2009) मध्ये असे एक घर वेळेआधी सावध होते. विदर्भात शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर किसनाच्या बायकोला धास्ती बसते की आपला नवराही तसेच करील. ती लहान मुलाला बापाच्या मागावर ठेवते आणि स्वतः घरात असेल नसेल ते रांधून नवऱ्याला खाऊ घालते. किसनाला काहीच कळत नाही. पोरगे सारखे मागे का येते म्हणून तो वैतागतो. प्रेक्षक हसतो आणि हसता हसता त्याचा घसा दाटतो. घरच्यांनी पाळत ठेवणे आणि घरच्यांनी विचारणे यांत किती अंतर आहे, ते या चित्रपटाइतके स्वच्छ फार थोड्या कलाकृतींनी दाखवले असेल. त्या बाईचे प्रेम अपार आहे, पण ती त्याला एकदाही विचारू शकत नाही.

या सगळ्या गोष्टींत व्यापारी कोठे आहे? तो गल्ल्याच्या पलीकडे बसलेला आहे. बाबूराव पेंटर यांच्या 1925 च्या ‘सावकारी पाश’पासून मराठी पडद्यावर चोपडी उघडणारा हात हा पिळवणुकीचा हात ठरला आहे. त्या चित्रणाला इतिहासाचा आधार नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. कर्जाखाली जमिनी गेल्या, तो काळ खोटा नव्हता. मात्र त्याचा परिणाम असा झाला की खुद्द व्यापाऱ्याची पडझड मराठी साहित्यात फारशी लिहिली गेली नाही. कारकून खचतो, कामगार खचतो, शेतकरी खचतो. दुकानदार मात्र फक्त भाव वाढवतो. स्वतःचे दिवाळे, स्वतःची झोपमोड, स्वतःच्या भागीदाराने दिलेला दगा यांची गोष्ट वाचायची तर व्यापारी घरांतील वाचकाला बाहेर जावे लागते.

बाहेरचे पहिले नाव फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकचे. 1837 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेझार बिरोतो’ या कादंबरीचा नायक पॅरिसमधील अत्तरविक्या आहे. दुकान उत्तम चालते. मग त्याला चार पैसे जमिनीत गुंतवावेसे वाटतात, घर मोठे करावेसे वाटते, मेजवानी द्यावीशी वाटते. ज्या कायदेपंडितावर त्याने विश्वास ठेवला तो रक्कम घेऊन पळतो आणि बिरोतोचे दिवाळे निघते. माजिवड्यात प्लॉट-फ्लॅटच्या गुंतवणुकीची चर्चा ज्यांनी ऐकली आहे त्यांना ही कथा दोनशे वर्षे जुनी वाटणार नाही. पण बाल्झाकचे खरे सामर्थ्य पुढे आहे. दिवाळखोरीचा कायदा बिरोतोला मोकळा करतो. त्याचे मन करत नाही. तो नोकरी धरतो, त्याची बायको आणि मुलगीही कामाला लागतात, आणि तिघे मिळून प्रत्येक देणेकऱ्याची पै न् पै फेडतात. शेवटी त्याची पत त्याला परत मिळते आणि त्या आनंदाच्या घटकेलाच तो मरण पावतो. पत म्हणजे व्यापाऱ्याचा प्राण, असे आपण सहज बोलून जातो. बाल्झाकने ते शब्दशः घेतले.

अमेरिकेत 1929 च्या ऑक्टोबरमध्ये शेअरबाजार कोसळला आणि त्यानंतरच्या दशकाला महामंदी हे नाव पडले. तिच्यावर उदंड लिहिले गेले. परंतु व्यापारी वाचकाला अधिक बोचतील अशा दोन कलाकृती मंदी सरल्यावरच्या आहेत. फ्रँक काप्रा यांच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (1946) या चित्रपटात जॉर्ज बेली हा छोट्या गावातील एक पतसंस्था चालवतो. वेंधळ्या काकाच्या हातून संस्थेचे 8000 डॉलर गहाळ होतात. जॉर्ज गावातल्या धनिकाकडे मदत मागायला जातो तेव्हा त्याला ऐकून घ्यावे लागते की तुझ्या विमापत्राचा हिशेब केला तर तू जिवंत असण्यापेक्षा मेलेला अधिक किमतीचा आहेस. तीन वर्षांनी आर्थर मिलर यांच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ या नाटकात विली लोमन हाच हिशेब स्वतः मांडतो. त्याच्या विम्याची रक्कम 20,000 डॉलर आहे.

दोन्हीकडे हिशेब सारखाच चुकीचा आहे, आणि तो हिशेबी माणसालाच सुचतो हे ध्यानात घ्यायला हवे. जो आयुष्यभर प्रत्येक वस्तूची किंमत ठरवत आला, तो खचला की स्वतःलाही तराजूत घालतो. फरक एवढाच की जॉर्जच्या बायकोला नुकसान कळते. ती गावभर निरोप धाडते आणि रात्रीच्या रात्री लोक पिशव्या भरून पैसे आणून देतात. विलीच्या घरी मात्र कोणाला खरा आकडा सांगितला जात नाही. त्याचा पगार बंद झालेला असतो. शेजारच्या चार्लीकडून तो आठवड्याला पन्नास डॉलर उसने आणतो आणि बायकोला ‘पगार’ म्हणून देतो. तिला सारे ठाऊक असते. तीही गप्प राहते. घराचा शेवटचा हप्ता फिटतो तो त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी. उसन्या पैशांना पगार म्हणून घरी देणारे विली लोमन ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या व्यापारी वस्त्यांतही असतीलच. फक्त त्यांच्याकडे पन्नास डॉलर नसतात. सोन्यावरचे कर्ज असते, क्रेडिट कार्ड असते, मेव्हण्याकडून घेतलेली उचल असते.

अशा वेळी करायचे काय, याचे एक शांत उत्तर मराठी चित्रपटाने दिले आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ (2016) ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. जगणे नकोसे झालेला एक तरुण जानकी नावाच्या स्त्रीच्या हाती लागतो. ती त्याला कोकणच्या किनाऱ्यावरील घरी आणते. ती स्वतः या आजारातून बाहेर येत असते, म्हणून ती त्याला प्रश्न विचारत नाही. नाव काय, बाप कोण, शिकलास किती, असले काही नाही. ताट वाढले जाते, खोलीचे दार उघडे ठेवले जाते, आणि वाट पाहिली जाते. बाहेर वाळूत कासवांची अंडी जपली जात असतात. इरावती हर्षे, आलोक राजवाडे, किशोर कदम आणि स्वतः मानसोपचारतज्ज्ञ असलेले डॉ. मोहन आगाशे यांनी हा संथपणा बिघडू दिला नाही. चित्रपट पाहताना काहींना तो फार सावकाश वाटतो. नैराश्यातून बाहेर येणे त्याहूनही सावकाश असते.

या विषयात ठाण्याला स्वतःचे स्थान आहे. येथील मनोरुग्णालय 1901 सालचे. ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या चालला, आणि त्या विनोदाने किती जणांना उपचारापासून दूर ठेवले याचा हिशेब कोणी केलेला नाही. त्याच ठाण्यात 1990 मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आय.पी.एच., ही संस्था उभी केली. डॉक्टर नाटककारही आहेत, आणि मनाचे प्रश्न रंगमंचावर, गाण्यांत, शाळकरी मुलांच्या परिषदांत आणण्याची त्यांची पद्धत उपचाराइतकीच उपयोगी ठरली. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या व्यक्तीकडे गुन्हेगार म्हणून न पाहता तीव्र तणावाखालील व्यक्ती म्हणून पाहायचे ठरवले. ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची ‘टेली मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य उपलब्ध आहे. मराठीतही बोलता येते. रक्तदाबाची गोळी घेताना जसा संकोच वाटत नाही, तसा ही मदत घेतानाही वाटू नये.

माजिवड्याच्या नाक्यावरून निघणारा तो रस्ता ज्या आग्र्याला पोहोचतो, तेथे व्यापाऱ्याच्या पडझडीच्या दोन थोर कथा घडल्या. त्यांतील अलीकडची म्हणजे एम. एस. सथ्यू यांचा ‘गर्म हवा’ (1973). फाळणीनंतर आग्र्यातच राहिलेले सलीम मिर्झा चपला-बुटांचा कारखाना चालवतात. त्यांना कर्ज कोणी देत नाही, कारण हा मनुष्य उद्या पाकिस्तानात जाईल अशी बाजाराची समजूत. सचोटी तीच, माल तोच, पण पत गेली. घर जाते, आई जाते, मुलगीही जाते. बलराज साहनी यांनी एकही मोठे वाक्य न उच्चारता तो मनुष्य उभा केला आहे.

दुसरी कथा तीन शतकांहून अधिक जुनी आणि सोसणाऱ्याने स्वतःच लिहिलेली. बनारसीदास हे जौनपूरच्या श्रीमाल जैन जवाहिऱ्याचे पुत्र, जन्म 1586 चा. 1641 मध्ये आग्र्यात त्यांनी ‘अर्धकथानक’ नावाने आपले चरित्र 675 पद्यांत लिहिले. हिंदीतील पहिले आत्मचरित्र म्हणून ते ओळखले जाते. माणसाचे पूर्ण आयुष्य 110 वर्षांचे धरले तर 55 वर्षांचे झाले ते अर्धे, म्हणून हे नाव. मुंबईत हिंदी ग्रंथ रत्नाकर चालवणाऱ्या पं. नाथूराम प्रेमी यांनी 1943 मध्ये ते संपादून प्रसिद्ध केले. घरोघरी पूजनीय मानल्या गेलेल्या ‘समयसार नाटक’चे कर्ते म्हणून बनारसीदास अनेकांना ठाऊक असतात, तोट्यात बुडालेला व्यापारी म्हणून फार थोड्यांना.

त्या पुस्तकात बाजारातील घबराट आहे. 1605 मध्ये अकबराच्या मृत्यूची बातमी जौनपूरला पोहोचली तेव्हा दुकाने बंद झाली, लोकांनी जडजवाहीर जमिनीत पुरले आणि अंगावर जाडेभरडे कपडे चढवले. तरुण बनारसीदास जिन्यावर बसले होते. बातमी ऐकताच भोवळ येऊन पडले आणि डोके फुटले. दहा दिवसांनी जहांगीर गादीवर आल्याचे कळले आणि बाजार पुन्हा उघडला. शेअरबाजाराचे पडणे-सावरणे पाहणाऱ्याला यात नवे काही नाही.

पुढे वडिलांनी जवाहीर, तूप, तेलाचे बुधले आणि जौनपुरी कापड देऊन त्यांना आग्र्याला व्यापारासाठी धाडले. तेथे सगळेच उलटे पडले. मालाला भाव आला नाही, नाडीत बांधलेली रत्ने हरवली, हाती उरले ते वापरून झाले. दिवसा बाजारात तोंड दाखवण्याची सोय राहिली नाही, तेव्हा ते घरी बसून ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ ही काव्ये रात्री वाचू लागले. दहा-वीस माणसे ऐकायला जमत. त्यांत एक कचोरीवाला होता. बनारसीदास त्याच्याकडून उधारीवर कचोऱ्या घेऊन खात. एके दिवशी त्यांनी त्याला एकांतात खरे सांगितले की माझ्यापाशी काही नाही आणि केव्हा देता येईल हेही माहीत नाही. कचोरीवाला म्हणाला, खात राहा, वीस रुपयांपर्यंत कोणी काही बोलणार नाही. सहा-सात महिने असे गेले. त्या व्यवहाराला कागद नव्हता, तारण नव्हते. आग्र्याच्या साऱ्या सराफ्यात बनारसीदासांची पत एका फेरीवाल्यापाशी उरली होती.

मग ते सासरी खैराबादला गेले. बायकोला त्यांनी प्रथम नुकसान सांगितले नाही. तिनेच चेहरा वाचला आणि रात्री काढून घेतले. सगळे ऐकल्यावर तिने आपले साठवलेले वीस रुपये त्यांच्यापुढे ठेवले. दुसऱ्या दिवशी तिने आईला गुपचूप सांगितले की ते फार संकोची आहेत, बोलणार नाहीत. आणि आईने कोणाला न कळवता दोनशे रुपये दिले. त्या भांडवलावर त्यांनी पुन्हा माल घेतला आणि आग्र्याची वाट धरली. विली लोमनच्या बायकोला जे तीनशे वर्षांनंतरही जमले नाही ते खैराबादच्या त्या स्त्रीने एका रात्रीत केले. तिने विचारले.

पुढचे व्यवहारही सरळ झाले नाहीत. काही साधले, काही बुडाले. तीन विवाह झाले. नऊ अपत्ये झाली आणि नऊही गेली. पानगळ झालेल्या झाडासारखे नवरा-बायको दोघेच मागे राहिले. हे सर्व लिहून झाल्यावर, वर्षअखेरीस खाते मिटवावे तसे, बनारसीदासांनी शेवटी स्वतःचे गुण आणि दोष दोन बाजूंना मांडले आहेत. दोषांची बाजू त्यांनी मुळीच आखडती घेतली नाही. एकांत मिळाला की आपण नाचू लागतो, असेही त्या बाजूला त्यांनी नोंदवले आहे.